तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फमध्ये पाणी दिसलं की जुना बॉल का काढता?

नवे खेळाडू हा प्रश्न कुतूहलानं विचारतात, मुरलेले टोमणा म्हणून. बॅगेत चकचकीत नवे बॉल असताना, समोर तळं किंवा खाडी आली की मी बाजूच्या कप्प्यातून एखादा पिवळट पडलेला, चिऱ्याच्या मातीनं तांबूस झालेला बॉल का काढतो? आमच्या चौघांत त्या बॉलला ‘म्हातारो’ म्हणतात. मी टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, वाकलो की मागून आवाज येतोच, “पात्रांव, म्हातारो काडलो रे?” (मालक, म्हातारा काढलास का?) आणि त्यावर आमच्यातल्या डॉक्टरांचं ठरलेलं वाक्य, “जुना काढलात म्हणजे मनानं तो आधीच पाण्यात टाकलात.”

डॉक्टरांचा मुद्दा नवा नाही. जिथे चार गोल्फर जमतात तिथे हा उपदेश मिळतो, की जुना बॉल काढणं म्हणजे स्वतःवरचा अविश्वास. मला तो अर्धाच पटतो. का, ते सांगतो.

आधी पैशांचं बोलून टाकू, कारण सगळ्यांच्या मनात तेच असतं. युरेथेनच्या मऊ आवरणाचा, तीन थरांचा नवा बॉल आपल्याकडे चार-पाचशे रुपयांना पडतो. तो खाडीत गेला की वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? जत्रेला जाताना आपण नव्या चपला घालत नाही, इतका साधा हिशेब त्यात आहे. पण पैसेच वाचवायचे असते तर मी सगळा राऊंड जुन्या बॉलवर खेळलो असतो. तसं करत नाही. म्हातारा फक्त धोक्याच्या होलवर (होल म्हणजे टीपासून भोकापर्यंतचा एक टप्पा), आणि तोही मित्रांबरोबरच्या खेळात.

खरं कारण आहे शोधाशोध. बॉल शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात. 2019 पूर्वी पाच मिळायची. ही तीन मिनिटं नव्या बॉलला कधीच पुरत नाहीत. एरवी शांत असलेला माणूस सुरूच्या झाडांखाली शिरतो, सात नंबरच्या आयर्ननं, म्हणजे लोखंडी काठीनं, पाचोळा उलटापालटा करतो, “इथेच पडला, मी आवाज ऐकला” असं पुटपुटतो, आणि बाकीचे तिघं शिष्टाचार म्हणून त्याच्यामागे वाकून हिंडतात. मागचा ग्रुप टीवर हात कमरेवर ठेवून उभा. पावसाळा संपता संपता तर गवत गुडघ्याएवढं असतं, आणि आपल्याकडच्या कातळावर, झुडपांत फुरसं असतं, घोणस असते. एकदा आमच्यातला एक जण झुडपात हात घालायला निघाला तेव्हा कॅडीनं, म्हणजे बॅग वाहणाऱ्या पोऱ्यानं, त्याचा शर्टच धरला. “सायबा, बॉल म्हजो घे, पूण हात घालू नाका.” बॉल पांढराशुभ्र, कोरा होता. म्हातारा असता तर त्या झुडपाकडे तो वळलाच नसता.

जुना बॉल गेला की मी हात वर करतो, “गेला” म्हणतो, ड्रॉप घेतो, म्हणजे दुसरा बॉल हातानं खाली सोडून खेळतो, आणि पुढे चालू लागतो. मिनिटभराचंही काम नाही. म्हातारा मी वाचवायला काढत नाही, तो सोडून देता यावा म्हणून काढतो, आणि माझ्यासाठी इतरांना थांबावं लागू नये म्हणून. चौघांच्या खेळात सगळ्यात महाग वस्तू बॉल नसते, वेळ असतो. त्यातून दक्षिण गोव्यात काणकोणला, जिथे आम्ही खेळतो, नऊच होल, तेच दोनदा फिरून अठरा करायचे, दुसऱ्या खेपेला वेगळ्या टीवरून. म्हणजे तेच पाणी एका सकाळी दोनदा भेटणार. पहिल्या खेपेला दहा मिनिटं शोधण्यात घालवली तर दुसरी खेप डोक्यावर ऊन घेऊन. एप्रिलमधलं काणकोणचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आता डॉक्टरांच्या अर्ध्या मुद्द्याकडे येतो. माझं निरीक्षण त्यांच्या उलट आहे. महागडा बॉल पाण्यापुढे ठेवला की माणूस पाण्यापासून लांब मारायला बघतो आणि उजवीकडच्या झाडांत घालतो. पकड घट्ट होते, खांदा आधीच उघडतो. म्हाताऱ्यापुढे मी जे ठरवलं तेच मारतो. पलीकडे न्यायचं असेल तर पलीकडे, अलीकडे ठेवायचं असेल तर अलीकडे. तो पाण्यात पडतच नाही असं मी म्हणत नाही. पण पडतो तेव्हा निदान धड मारलेला असतो. डॉक्टर हे ऐकून हसतात. त्यांचा स्कोअर माझ्यापेक्षा बरा असतो हेही खरंच, म्हणून हा वाद आमच्यात मिटण्यातला नाही.

मात्र जुना म्हणजे कुठलाही जुना नव्हे. इथे लोक घोळ करतात.

बॉल उडतो तो डिंपलमुळे, म्हणजे अंगावरच्या खळग्यांमुळे. अगदी गुळगुळीत बॉल तेवढ्याच जोरानं मारला तर साधारण अर्ध्या अंतरावर पडेल. हे लोकांच्या लक्षात आलं ते जुन्या बॉलमुळेच. 1848 च्या सुमाराला गटापर्चाच्या चिकाचे बॉल आले. नवे कोरे, गुळगुळीत बॉल हवेत डुबकी मारायचे, आणि क्लबचे, म्हणजे मारायच्या काठीचे, घाव बसून खरवडलेले जुने बॉल सरळ, लांब जायचे. मग कारागीर नव्या बॉलवर मुद्दाम हातोडीनं खुणा पाडू लागले. पुढे 1905 च्या सुमाराला इंग्लंडच्या विल्यम टेलर यांनी खळग्यांच्या बॉलचं पेटंट घेतलं आणि आजचा बॉल आकाराला आला. म्हणजे त्या काळात पाण्यावरून न्यायला म्हातारा काढणारा माणूस शहाणा ठरला असता. आज उलटं आहे. खळगे कारखान्यातूनच नेमके येतात, आणि जुनेपणानं ते फक्त बिघडतात.

म्हणून कप्प्यात टाकण्याआधी मी बॉल धुतो आणि अंगठ्याचं नख त्यावरून गोल फिरवतो. माती आणि पिवळेपणा चालतो, त्यानं काही बिघडत नाही. नख कुठे अडकलं, साल निघाल्यासारखा खरखरीत पट्टा लागला, की तो बॉल सरावाच्या बादलीत. कार्टच्या सिमेंटच्या रस्त्यावर एकदा आपटलेला बॉल हमखास असा निघतो. तो हवेत भलतीकडे वळतो आणि आखूड पडतो, म्हणजे नेमका पाण्यात. दुसरा फसवा प्रकार म्हणजे रंग देऊन नवा केलेला. जाड रंगानं डिंपल उथळ होतात. आणि तळ्याच्या तळाशी महिनोन्‌महिने पडून वर आलेला बॉल दिसायला छान असतो, पण पाणी आत झिरपलेलं असतं, त्याची उसळी गेलेली असते. मैदानाबाहेर बादलीतून स्वस्तात विकायला ठेवलेले असतात त्यांत हेच जास्त. एकदा मी तसल्या बादलीत हात घातला तर माझ्याच खुणेचा, निळ्या तीन ठिपक्यांचा बॉल वर आला. विकत घेतला, पण सरावालाच ठेवला. आपला झाला म्हणून पाणी काही कमी झिरपत नाही.

पार-थ्रीवर, म्हणजे तीन फटक्यांच्या आखूड होलवर, पाणी कितीही असो, मी म्हातारा काढत नाही. ड्रायव्हरनं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीनं, मारताना बॉल मऊ की कडक यानं माझ्यासारख्याला फार फरक पडत नाही. पण पार-थ्रीवर सगळा प्रश्न बॉल ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, थांबण्याचा असतो. युरेथेनचा बॉल छोट्या आयर्नला फिरक घेतो, पडतो आणि थांबतो. माझ्या कप्प्यातले बहुतेक म्हातारे दोन थरांचे, कडक आवरणाचे आहेत. ते ग्रीनवर पडून टणाटण पुढे पळतात आणि मागच्या बाजूनं पाण्यात जातात. समोरचं पाणी चुकवायला जुना काढावा आणि मागचं पाणी गाठावं, यात काय शहाणपण? तिथे नवा बॉल, आणि गेला तर गेला.

नियमाबद्दलही विचारतात, तर तेही. दोन होलच्या मध्ये बॉल बदलायला पूर्ण मोकळीक आहे. व्यावसायिक स्पर्धांत ‘वन बॉल’ नियम लावतात, म्हणजे सबंध राऊंड एकाच कंपनीचा आणि एकाच मॉडेलचा बॉल. मित्रांच्या खेळात तो कोण लावणार! पण टीवरून जो बॉल मारला त्यानंच तो होल संपवायचा, मनाला आलं म्हणून मध्येच बदलायची सवलत नाही. आमच्याकडे खरी भांडणं इथे होतात. म्हाताऱ्यानं पाणी ओलांडलं की लोक ग्रीनवर खिशातून नवा बॉल काढतात. म्हणे, हा माझा पटिंगचा बॉल. ग्रीनवर खूण ठेवून बॉल उचला, पुसा, पण परत तोच ठेवा. दुसरा ठेवून मारलात तर एक स्ट्रोक दंड. 2023 पूर्वी दोन होता. बॉल कापला किंवा तडकला असेल तर बदलता येतो, नुसता खरचटला म्हणून नाही.

एक पळवाट मात्र नियमातच आहे, आणि ती ठाऊक असलेले फार कमी. कार्टच्या रस्त्यावर वगैरे बॉल पडून तुम्ही ड्रॉप घेत असाल, दंडाचा असो की बिनदंडाचा, तर तोच बॉल ड्रॉप करायचं बंधन नाही. दुसरा घेता येतो. म्हणजे म्हाताऱ्यानं पाणी पार केलं आणि तो रस्त्यावर जाऊन बसला, तर तिथून पुढे नवा बॉल, तोही राजरोस. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तिघांनी फोनवर नियम उघडून बघितला.

आता ज्या मुद्द्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही तो. जुना बॉल सहज सोडता येतो, म्हणून तो जास्त सोडला जातो. तळ्यातला कधीतरी कोणी काढतं. नदीच्या मुखाजवळ खाडीत गेलेला समुद्राचा. कॅलिफोर्नियात अ‍ॅलेक्स वेबर नावाच्या शाळकरी मुलीनं पेबल बीचच्या परिसरात समुद्रात बुड्या मारून बॉल गोळा करायला सुरुवात केली. 2019 मध्ये ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’मध्ये त्यावर शोधनिबंध आला तोवर 50,000 च्या वर बॉल निघाले होते. त्यांतले काही नदीनं वरच्या अंगाच्या मैदानांवरून वाहून आणलेले होते. काणकोणच्या तळपण नदीच्या मुखाशी उभं राहून हे आठवलं की म्हातारा हातात जड वाटतो. गोव्यात गोल्फकडे आधीच संशयानं बघतात, आणि उगाच नाही. तेरेखोलला गोल्फच्या प्रकल्पावरून गाव उभा राहिला, प्रकरण कोर्टात गेलं. पाणी, जमीन, फवारणी, हे प्रश्न बॉलपेक्षा कितीतरी मोठे आहेत, पण बॉल माझ्या हातातला आहे. म्हणून पलीकडे भरती-ओहोटीचं पाणी असेल तिथे मी हल्ली म्हातारा ठेवूनही अलीकडेच मारतो, मग वेजनं, म्हणजे आखूड, उंच फटक्याच्या काठीनं, पलीकडे. डॉक्टर याला भित्रेपणा म्हणतात. म्हणू देत.

पैज असेल तेव्हा आमचं एकच ठरलेलं आहे: बॉल बदलला तर टी-शॉटच्या आधी सांगायचं, मोठ्यानं, खुणेसकट. न सांगता बदललेला बॉल रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, सापडला की तो नेमका कुणाचा यावर जी वादावादी होते ती नाश्त्याच्या मिरची भजीपर्यंत पुरते. तुम्ही कधी आमच्याबरोबर खेळायला आलात आणि जवळ जुना बॉल नसला, तर माझ्या कप्प्यातला खुशाल मागा, देईन. फक्त मारायच्या आधी मागा.