त्रिएस्ते, चार रात्री

काकूंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "अगं, आतापर्यंत तीन टूर केल्या. सगळीकडे कुणीतरी झेंडा धरून पुढे, आणि 'चला बसा, चला उतरा'. या वेळी एकच गाव दे. समुद्र असू दे, आणि उतरा म्हणणारं कुणी नको." लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघंच निघणार होती. हाताशी सहा दिवस होते.

आमच्या ऑफिसात सहा दिवस म्हटलं की व्हेनिस-फ्लॉरेन्स-रोम हे ठरलेलं. सहकाऱ्याने कोटेशन करून ठेवलंसुद्धा होतं. माणसाला किती 'पॉइंट' दाखवले यावर सहलीची किंमत ठरवायची सवय आमच्या धंद्याला लागली आहे, आणि ती मला मनापासून आवडत नाही. मी ते कोटेशन बाजूला ठेवलं आणि काका-काकूंपुढे त्रिएस्तेचा नकाशा उघडला. इटलीचं ईशान्येकडचं टोक, समुद्राला लागून, आणि मागच्या टेकड्यांपलीकडे लगेच स्लोव्हेनिया.

या फाइलवर मी जीव ओतला होता. लग्नाचा वाढदिवस फेब्रुवारीत, पण तेव्हा तिथे 'बोरा' वाहतो. टेकड्यांवरून समुद्राकडे झेपावणारं हे वारं ताशी 100 किलोमीटरच्याही पुढे जातं. पूर्वी लोकांना धरून चालता यावं म्हणून रस्त्यांच्या कडेने दोर बांधत. म्हणून सहल मे महिन्यावर ढकलली. व्हेनिस-मेस्त्रेहून रेल्वेने दोन तास. डब्यात उजव्या बाजूला बसा असं लिहून दिलं, कारण शेवटच्या टप्प्यात गाडी कड्याच्या अंगाने जाते आणि खाली समुद्र उघडतो. कॉफी कशी मागायची तेही लिहिलं. तिथे 'नेरो' म्हणजे साधी एस्प्रेसो, 'कापो' म्हणजे थोडं दूध घातलेली, आणि 'कापो इन बी' म्हणजे तीच काचेच्या छोट्या ग्लासात. संध्याकाळी पियात्सा उनिता हा तिन्ही बाजूंनी इमारती आणि चौथीकडे थेट पाणी असलेला चौक, मग मोलो औदाचे या लांब धक्क्यावर टोकापर्यंत चालणं. एक दुपार मिरामारेच्या किल्ल्यासाठी. ऑस्ट्रियाच्या माक्सिमिलियानने तो समुद्रात घुसलेल्या खडकावर बांधून घेतला, मेक्सिकोचा बादशहा व्हायला इथूनच निघाला आणि 1867 मध्ये तिकडेच गोळ्या घालून मारला गेला. एक दुपार बोटीने पलीकडच्या मुज्जा गावी. बाकी वेळ मोकळा.

आणि पेदोचिन. शहरातच असलेला हा गोट्यांचा किनारा, मधोमध पांढरी भिंत पाण्यापर्यंत गेलेली, एका बाजूला बायका आणि मुलं, दुसऱ्या बाजूला पुरुष. ऑस्ट्रियाचं राज्य असल्यापासून असंच आहे. प्रवेश युरोभराच्या आसपास. जोडप्याच्या सहलीत असली जागा कशाला, असं सहकारी म्हणाला. मी ती ठेवली.

सूचनांच्या शेवटच्या पानावर मात्र एक ओळ होती, जी मी लिहिली नव्हती. म्हणजे मीच कधीतरी लिहिलेली, पण रोमच्या फाइलसाठी: "पासपोर्ट हॉटेलच्या सेफमध्ये ठेवा, बाहेर फिरताना झेरॉक्स पुरे." रोममध्ये पाकीटमारांमुळे आम्ही सगळ्यांनाच हे सांगतो. ते पान प्रत्येक इटलीच्या फाइलला जसंच्या तसं जोडलं जातं. काकूंनी फोनवर विचारलंही होतं, रोज पासपोर्ट घेऊन हिंडायचं का? मी म्हटलं, "नको काकू, सेफमध्येच बरा."

सीमेबद्दल मला माहीत नव्हतं असं नाही. ही सीमा माझ्या आवडीचा विषय. 1947 ते 1954 त्रिएस्ते ना इटलीचं होतं ना युगोस्लाव्हियाचं, स्वतंत्र प्रदेश म्हणून मधेच लटकलेलं. स्लोव्हेनिया डिसेंबर 2007 मध्ये शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आला आणि चौक्या रिकाम्या झाल्या. मग ऑक्टोबर 2023 मध्ये इटलीने तपासणी पुन्हा सुरू केली, बाल्कनमधून पायी येणाऱ्या स्थलांतरितांचंही कारण देऊन. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरीही काकांना मी म्हणाले होते, "तिथे सीमा कधी ओलांडली ते कळतच नाही."

तिसऱ्या दिवशी मुज्जाची बोट सोडून काकांनी काकूंना परस्पर सीमेपलीकडे, स्लोव्हेनियातल्या पिरानला नेलं. कोपरपर्यंत एक बस, पुढे दुसरी. सुंदरच गाव आहे. मला विचारलं असतं तर मीही जा म्हटलं असतं. येताना राबुयेझेच्या जुन्या नाक्यावर बस थांबवली गेली.

आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, तिथे सहा. काकांचा आवाज अगदी खाली गेलेला. "मॅडम, आम्हाला बसमधून उतरवलंय. झेरॉक्स दाखवली, ते मान्य करत नाहीत."

पुढचा दीड तास मी काय केलं ते अजूनही क्रमाने आठवतं. व्हिसा हातात आला की स्टिकरचा रंगीत फोटो मी सगळ्यांकडून मागून घेते. ऑफिसात या आग्रहाचा कंटाळा येतो लोकांना. तो फोटो आणि पासपोर्टची पानं काकांच्या फोनवर पाठवली. मग हॉटेलला फोन. पाहुणे समोर नसताना सेफ उघडणार नाही, असं रिसेप्शनवरच्या बाईने सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. पण इटलीत प्रत्येक हॉटेलला आलेल्या पाहुण्याची माहिती चोवीस तासांत पोलिसांच्या पोर्टलवर भरावी लागते. मी म्हटलं, तुमची ती नोंद आहे ना, तेवढंच त्यांना सांगा. ती बाई स्वतः काकांच्या फोनवरून त्या अधिकाऱ्याशी बोलली. ड्यूटी संपली होती तिची, तरी थांबली. आठ वाजायच्या आत दोघं हॉटेलवर होती.

काकांनी परत आल्यावर एक शब्दही वाकडा काढला नाही. उलट चूक आपली, न विचारता गेलो, असं म्हणाले. मला ते ऐकवेना. मी शेवटचं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि ओळ दाखवली. त्यांनी वाचली आणि कागद उलटा करून ठेवला.

काकूंना पेदोचिनबद्दल बोलायचं होतं. पहिल्या दिवशी तीन तास गोट्यांवर पंचा टाकून आडव्या होत्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायका न समजणाऱ्या भाषेत त्यांच्याशी बोलत होत्या, कापलेलं फळ पुढे करत होत्या. "कुणी ऊठ म्हणालं नाही," त्या म्हणाल्या. भिंतीपलीकडे काका एकटेच कंटाळले असतील असं वाटलं, तर ते झोपून लाल झाले होते.

मग थोडं थांबून विचारलं, "बसमध्ये बरीच माणसं होती गं. पोलीस पुढून मागे गेला, कुणाकडे नुसतं बघितलं, कुणाकडे तेही नाही. उतरवलं चौघांना. आम्ही दोघं आणि मागच्या सीटवरची दोन पोरं. हिंदी समजत होती त्यांना. विशी-बाविशीची असतील. पायात बुटांच्या नुसत्या चिंध्या. माझ्याकडे बाटलीत पाणी होतं ते दिलं."

"मग?"

"मग तुझे फोटो आले, ती हॉटेलवाली बोलली, आम्हाला सोडलं. त्यांना गाडीत बसवलं. कुठे नेलं असेल?"

मी शेवटचं पान त्याच रात्री बदललं होतं. त्रिएस्तेच्या फाइलमध्ये आता पहिल्या पानावर आहे: पासपोर्ट सतत जवळ, बसने कुठेही जाताना नक्की. काकूंना ते दाखवावं म्हणून मी प्रिंट काढून ठेवली होती. ती तशीच ड्रॉवरमध्ये राहिली.

"माहीत नाही काकू," मी म्हटलं.

परवा त्यांचा फोन आला होता. पुढच्या सहलीचं असेल म्हणून मी वही ओढली. त्यांनी पुन्हा तेच विचारलं.