पोत्यातल्या सहा सुऱ्या

जळगावच्या केळीपट्ट्यात, सावद्याकडे आमचं लोहारकामाचं दुकान आहे, आजोबांच्या वेळी भाता होता, आता ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन, बाकी धंदा तोच. इलेक्शनचे दिवस होते, बऱ्हाणपूर रोडला नाकाबंदी चालू. दुपारी ओळखीचे एक हवालदार आले आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवून म्हणे, "भो, नाक्यावर एका पोराजवळ हे सुरे सापडले, कशाचे आहेत ते सांग, पण पोरगं काय म्हणतं ते मी तुला सांगणार नाही."

सहा होत्या. सगळ्या घरी केलेल्या, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, दोन तर दिसायलाच डेंजर. ते म्हणाले, पातं नऊ इंचाच्या वर किंवा दोन इंचापेक्षा रुंद असलं की आर्म्स अ‍ॅक्टमधे येतं, मात्र शेतीचं किंवा घरकामाचं अवजार असेल तर नाही. मी टेप लावला, त्या दोन डेंजरवाल्या साडेअकरा इंच भरल्या. म्हणजे त्या शेतीच्या आहेत की नाही यावर त्या पोराचं सगळं अडलं होतं, आणि विचारायला आले कोणाला तर मला.

मी आधी ग्राइंडरला हलकं टेकवून पाहिलं. ठिणगी फुलासारखी फुटली की पोलाद चांगलं, नुसती लांब रेघ गेली की साधं लोखंड. दोन लांबवाल्या ट्रकच्या कमानपाट्याच्या होत्या, एक कानशीची, तिच्यावर कानशीचे दात अजून पुसट दिसत होते, दोन लोखंड कापायच्या पॉवर हॅकसॉच्या पात्याच्या, आणि एक चक्क जुना विळा तोडून केलेली, ती तर कोणीही ओळखेल, पानं छाटायची. पण कशापासून केली यावरून कशासाठी केली ते कळत नाही, ते झिजेवर कळतं. लोकं आकार बघून घाबरतात, मी आधी धार कुठे संपली ते बघतो.

लांबवाल्यांना बाजूला धारच नव्हती! फक्त टोकाला दोन इंच, आणि टोक चमच्यासारखं थोडं वाकवलेलं. भोसकायला कोणी चमचा करत नाही. वर टोकापासून चार बोटं काळा डाग, एकसारखा, त्याच्या वर लोखंड स्वच्छ. केळीचा चीक लोखंडाला लागला की असंच काळं पडतं, आमच्याकडच्या प्रत्येक कोयत्यावर बघा. म्हणजे ही दरवेळी चार बोटंच आत जायची. पील, म्हणजे केळीच्या बुडाला फुटणारं पिल्लू, वरून कितीही छाटा, आतला कोंब राहिला की आठवड्यात परत वर येतं, म्हणून तो कोंब खोलवर खरवडून काढावा लागतो, त्याची ही सुरी. मी हे सांगितलं तेव्हा हवालदारसाहेब काही बोलले नाहीत, नुसतं लिहून घेतलं.

हॅकसॉवाल्या दोघींची गंमत वेगळी. पातं आतल्या बाजूने वाकडं आणि टोक मुद्दाम घासून गोल केलेलं. आता सुरीचं टोक कोण घालवतं? जो घडाच्या दांड्यावरून फणी वेगळी करतो तो, कारण टोक शेजारच्या केळाला लागलं तर तिथे काळी रेघ उठते आणि एक्सपोर्टचा माल रिजेक्ट. बाजूला केळीचा एक दांडा पडलेला होता म्हणून कापून पाहिला तर सुरी माझ्या हातात सारखी निसटायची. मी वैतागलो, वाटलं आपलंच चुकलं. मग उलटी करून पाहिली तर धारेचा उतार डावीकडे दिलेला. मी म्हटलं, साहेब, हा माणूस डावखुरा आहे.

ते थांबले. मग म्हणाले, "कागदावर सही डाव्याच हाताने केली त्याने."

राहिली कानशीची सहावी. बोटभर, पोपटाच्या चोचीसारखी, धार आतल्या बाजूला. मी छाती फुगवून सांगितलं, ही खूर तासायची, बैलवाला दिसतो. थोडं नालबंदांबद्दलही ऐकवलं, त्यांनी तेही लिहून घेतलं. संध्याकाळी पोराला सोडलं.

चार दिवसांनी तो पोरगा स्वतःच धार लावायला आला. चोचवाली उचलून मी विचारलं, बैल किती आहेत रे? तो म्हणे बैल कुठले काका, ट्रॅक्टर आहे, ही ठिबकच्या नळ्या कापायला. चोचीच्या आत काळं प्लास्टिक चिकटलेलं होतं, मी ते त्या दिवशी मळ समजून कपड्याने पुसत बसलो होतो.

आता तो दर महिन्याला येतो, दरवेळी सांगतो काका डाव्या हाताची धार लावा, आणि मी आतापर्यंत दोनदा सवयीने उजवी लावून दिली आहे.