चौपट उत्तरे

वर्गसमीकरणांच्या वह्या तपासताना २क्ष² − ७क्ष + ३ = ० या उदाहरणापाशी मी थांबले. याची मुळे ३ आणि १/२ आहेत. बऱ्याच वह्यांत मात्र १२ आणि २ लिहिलेले होते. माझ्या सहकाऱ्यांनी पाहताक्षणी नक्कल म्हणून निकाल दिला आणि सर्वांना शून्य द्यावे असे सुचवले. नक्कल तर उघडच होती, पण मला त्या चुकीचा उगम हवा होता. दोन्ही उत्तरे बरोबर चौपट होती. जिथे क्ष² चा सहगुणक ३ होता तिथे ती नऊपट निघाली आणि जिथे तो १ होता तिथे सारे बिनचूक. सहगुणकाच्या वर्गाने गुणलेली उत्तरे इतक्या मुलांच्या हातून आकडेमोडीत येत नाहीत; हे यंत्राचे काम होते.

आमच्याकडे मुले टीआय-८४ प्लस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर वापरतात. त्याच्या पडद्यावर १६ अक्षरांच्या ८ ओळी मावतात, आणि एकेका संख्येसाठी अक्षरी चल २७ मिळतात, तेही सर्व प्रोग्राममध्ये सामाईक. एवढ्या अडचणीच्या जागेत मुले एकमेकांचे पाहून प्रोग्राम लिहायला शिकतात आणि केबल जोडून ते वाटतात. ही चुकीची उत्तरे देणारा प्रोग्राम एका मुलीने लिहिला होता. सूत्राच्या ओळीत तिने अंशाला कंस दिला होता, छेदाला दिला नव्हता. नुसतेच ‘भागिले २ए’ असे लिहिले होते; ए म्हणजे क्ष² चा सहगुणक. कागदावर २ए ही एक अखंड राशी असते. हे यंत्र मात्र भागाकार आणि न लिहिलेला गुणाकार यांना समान अग्रक्रम देऊन डावीकडून उजवीकडे जाते, म्हणजे आधी २ ने भागते आणि मग आलेल्या उत्तराला ए ने गुणते. त्याच कंपनीच्या जुन्या टीआय-८२ वर हीच ओळ बरोबर चालली असती, कारण तिथे न लिहिलेला गुणाकार आधी होत असे. आमच्या पाठ्यपुस्तकात याविषयी अवाक्षर नाही, याची मला मनापासून चीड येते.

मी तिला चूक सांगितली नाही, फक्त ते उदाहरण पुढे ठेवले. तिने आधी कागदावर मुळे काढली, मग विवेचकाची, म्हणजे सूत्रातील वर्गमुळाखालच्या राशीची, किंमत पडद्यावर दाखवणारी एक ओळ प्रोग्राममध्ये घातली. २५ आले. विवेचक बरोबर असल्याने दोष त्याच्या पुढेच असणार, हे तिने स्वतःच म्हटले आणि अंश १२ घेऊन १२/२ए टाइप करून पाहिले. उत्तर १२ आले. दोष शोधण्याची इतकी शिस्तशीर रीत मला कोणत्याही लेखी परीक्षेत दिसलेली नाही.

छेदाला कंस घालून दुरुस्ती झाली ती फक्त तिच्या यंत्रात. वाटलेल्या प्रती तशाच चुकीच्या राहिल्या, म्हणून ती केबल घेऊन प्रत्येकाकडे गेली. एका मुलाने नवी प्रत घेतली नाही. त्याने प्रोग्राम उघडून कंस स्वतः घातले, मग विवेचक ऋण असलेले समीकरण दिले. यंत्राने वास्तव उत्तर नसल्याची चूक दाखवली आणि सोबत ‘गो टू’ हा पर्याय दिला. तो निवडताच चुकीची ओळ समोर येते. तिच्या वर त्याने अट लिहिली: विवेचक शून्याहून लहान असेल तर तसे सांगून थांब. या मुलाने गृहपाठ नकललेला होता, हेही तितकेच खरे.

वह्यांतील चुकीच्या उत्तरांना मी शून्यच दिले, प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीलाही. दुरुस्तीसाठी वेगळे गुण द्यावेत असा माझा आग्रह आहे. गुणदान योजनेत त्याला जागा नाही, असे सहकारी म्हणतात, आणि परीक्षेआधी सर्व यंत्रांची स्मृती पुसली जाणार असल्याने दाखवायला पुरावाही उरणार नाही. म्हणून दोघांकडून मी त्यांचे प्रोग्राम ओळीओळीने वहीत लिहून घेतले आहेत. मुलीबद्दल माझे मत पक्के आहे. त्या मुलाला मात्र नक्कल करणारा म्हणावे की शिकणारा, आणि एकाच वहीत दोन्ही नोंदी कशा कराव्यात, हे मला अजून ठरवता आलेले नाही.