गहू सगळ्यांत शेवटी संपेल: स्वावलंबी घराची पाडवा ते दिवाळी नोंद

घर स्वावलंबी करायचं म्हटलं की पहिला हात जातो तो गव्हाच्या कोठीकडे. नाशिकमध्ये अक्षय्य तृतीयेच्या आसपास वर्षाचा गहू घरात येतो, त्यामुळे कोठी भरली की तयारी झाली असंच वाटतं. यंदा पाडव्याला मी वहीत वेगळा तक्ता आखला. घरात लागणारी प्रत्येक वस्तू एका बाजूला, ती मुळात कुठून येते ते दुसऱ्या बाजूला.

तक्ता पूर्ण झाल्यावर चित्र स्पष्ट होतं. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी साधारण ६० टक्के बाहेरून येतो. खाद्यतेल निम्म्याहून जास्त आयातीचं. कच्चं तेल ८५ टक्क्यांच्या वर. औषधांचा बराच कच्चा माल चीनमधून, तुरीचा काही भाग म्यानमार आणि आफ्रिकेतून. गहू, तांदूळ, ज्वारी, कांदा, साखर, मीठ हे मात्र इथलं. म्हणजे उद्या परकीय चलन आटलं तर गव्हाला हात लागेपर्यंत शेगडी कधीच विझलेली असेल.

श्रीलंकेत २०२२ मध्ये हेच झालं. एप्रिलमध्ये त्या देशाने परदेशी कर्जफेड थांबवली. गॅस सिलिंडरसाठी आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या, औषधं मिळेनात, कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, आणि सप्टेंबरपर्यंत महागाई सुमारे ७० टक्क्यांवर गेली. आपणही १९९१ मध्ये त्या टोकाच्या जवळ होतो. दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं चलन उरलं होतं आणि सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावं लागलं. म्हणून यंदाची मेहनत आम्ही आयातीच्या क्रमाने लावली: आधी चूल, मग तेल, मग औषध. धान्याला शेवटचा नंबर.

चूल

पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाउस आहे, मागे थोडं अंगण. तिथे तरंगत्या टाकीचा एक घनमीटरचा बायोगॅस बसवला. पुण्याच्या आरती संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या गटाने, शेणाऐवजी खरकट्यावर आणि पिठूळ कचऱ्यावर चालणारा घरगुती संच तयार केला होता, त्याच पद्धतीवर आमचा आहे. सुरुवातीला विरजण म्हणून शेणकाला, नंतर रोज शिळी पोळी-भात, खराब पीठ, भाजीचे देठ. लिंबाची सालं आणि कांद्याची टरफलं टाकत नाही. कांद्याचा ढीग तर नाशिकमध्ये प्रत्येक घरी असतो, त्याला वेगळी खताची कुंडी. टाकीला आंबट वास यायला लागला की खाद्य थांबवायचं आणि थोडी चुन्याची निवळी घालायची.

हिशोब असा: एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ०.४५ किलो एलपीजी. रोज एवढा गॅस तयार झाला तर महिन्याला जवळपास एक १४.२ किलोचा सिलिंडर वाचतो. आमच्या घरच्या खरकट्यावर एवढा गॅस होत नाही. शेजारच्या पोळी-भाजी केंद्रातलं उरलेलं अन्न येतं, तेव्हा होतो. आणि थंडी. नाशिकची थंडी ही इथल्या बायोगॅसवाल्यांची खरी परीक्षा आहे, कारण पारा दहाच्या आसपास आला की जिवाणू सुस्तावतात. उपाय म्हणून टाकीभोवती उसाचं पाचट आणि गोणपाटाचा जाड वेढा, खाद्य कोमट पाण्यात कालवून, तेही दुपारी. यंदाच्या थंडीत त्याचा फरक मोजणार आहे.

गॅस तयार करण्याइतकाच तो न जाळणंही महत्त्वाचं. त्यासाठी आमच्या घरातलं सगळ्यांत लाडकं साधन म्हणजे उबेची पेटी. जुनी लाकडी ट्रंक, आत सर्व बाजूंनी वीतभर पेंढा आणि जुन्या गोधड्या. भाताला उकळी आली, पाच मिनिटं शिजला, की झाकणासकट पातेलं पेटीत. तासाभराने मऊ भात. तूरडाळ आधी भिजवून, दहा-बारा मिनिटं खळखळून उकळून पेटीत ठेवली की दोन-अडीच तासांत घोटण्याजोगी होते. पातेलं काठोकाठ भरलेलं हवं, अर्धं रिकामं असलं तर ऊब टिकत नाही. राजमा मात्र पेटीत जाण्याआधी किमान दहा मिनिटं जोरात उकळलाच पाहिजे, त्यातलं विषारी द्रव्य मंद आचेवर जात नाही. आणि पेटीतून काढलेलं अन्न हाताला चटका देण्याइतकं गरम नसेल तर पुन्हा उकळून मगच वाढायचं.

आंघोळीच्या पाण्याला बंब. सासूबाईंचा तांब्याचा बंब माळ्यावर होता, तो भांडी बाजारातून डाग देऊन आणला. त्याला जळण म्हणजे द्राक्षाच्या काड्या. मामेभावाची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, दोन्ही वेळा काड्यांचे ढीग निघतात. बरेच बागायतदार आता काड्यांचा भुगा करून सरीतच कुजवतात आणि ते योग्यच आहे, जमिनीचं जमिनीला मिळतं. म्हणून आम्ही फक्त बांधावर टाकलेल्या जाड काड्या मागतो. द्राक्षावर फवारण्या खूप असतात, तेव्हा या काड्यांवर स्वयंपाक करत नाही. बंब उघड्यावर, आणि काड्या एक पावसाळा भिजून, नंतर वाळल्यावरच आत जातात. स्वयंपाकाच्या चुलीला बाभूळ.

तेल

चौघांना महिन्याला तीन लिटर, वर्षाला पस्तीसेक लिटर. लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचा उतारा ४० टक्के धरला तर ८०-८५ किलो दाणे लागतात, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास शेंगा. आम्ही तेलाचे डबे न साठवता शेंगा साठवतो. तेल खवट होतं, टरफलातला दाणा जास्त टिकतो, आणि गरजेपुरता फोडून घाण्यावर नेता येतो. ओल लागलेली, काळपट किंवा हिरवट बुरशीची शेंग निवडून फेकायची. ती भाजून खाणंही धोक्याचं आहे, त्या बुरशीचं विष भाजल्याने पुरेसं जात नाही.

सोबत खुरासणी आहे. माझं माहेर इगतपुरीकडचं, तिथे आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारावर खुरासणी पिकते. जेवणात खुरासणीची आणि जवसाची कोरडी चटणी रोज आली की वरून तेल घ्यायची सवय कमी होते. आमचा महिन्याचा तेलाचा खप खरोखर उतरला.

औषधं

सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन महिन्यांच्या पुढच्या घेऊन ठेवतो आणि जुन्या तारखेच्या आधी वापरतो. गल्लीत एका काकूंना इन्सुलिन लागतं. न उघडलेल्या बाटल्या फ्रीजमध्येच हव्यात, २ ते ८ अंशांत. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, पण उन्हाळ्यात ती ओल्या मडक्याच्या गारव्यात ठेवावी लागते. हे सगळं आम्ही त्यांच्यासोबत डॉक्टरांना विचारून ठरवलं.

इथूनच विजेचा प्रश्न पुढे आला. छतावर सोलर असलेल्यांनी हे नीट समजून घ्या: अनुदानातून बसणारे बहुतेक संच ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेले असतात, आणि महावितरणची वीज गेली की ते भर दुपारीही बंद पडतात. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशीच रचना असते. अंधारात उपयोग व्हायचा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी हवी. नाशिकच्या उन्हात एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. आम्ही बॅटरीवर फक्त एक फ्रीज, दिवे आणि मोबाइल ठेवले. काकूंचं इन्सुलिन गरज पडली तर त्याच फ्रीजमध्ये येईल.

पाणी

पाणी आयात होत नाही, पण गंगापूर, दारणा आणि मुकणे धरणांतून येणारं आपलं पाणी विजेच्या पंपांवरच चालतं. त्यामुळे तेही चुलीच्याच रांगेत.

आमचं छत ६० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शहरात सरासरी ७०० मिलिमीटर धरला आणि गळती-उडती वजा जाता ८० टक्के हाती आला तरी ३३ हजार लिटर होतात. अडचण पावसाची नाही, साठवणीची आहे. फेब्रुवारी ते मे १२० दिवस, चौघांना पिण्या-स्वयंपाकाला आणि हातपाय धुवायला माणशी २० लिटर धरले, तर ९,६०० लिटर. म्हणून पाच हजारांच्या दोन टाक्या. पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडायला वेगळा पाइप, मग वाळू-कोळशाची गाळणी, मग टाकी. टाकीला काळा रंग आणि घट्ट जाळी, ना शेवाळ ना डास. पिण्याआधी उकळायचं. जळण नसेल त्या दिवशी स्वच्छ, पारदर्शक बाटल्यांत निवळ पाणी भरून सहा तास कडक उन्हात. गढूळ पाण्यावर ऊन काम करत नाही, आधी तुरटी फिरवावी लागते.

धान्य

ते आपल्याला येतंच, म्हणून थोडक्यात. चौघांना वर्षाला साधारण ६०० किलो. गव्हाला तीन दिवस कडक ऊन, गार झाल्यावरच कोठीत, मधून कडुलिंबाचा वाळलेला पाला. तांदूळ इगतपुरीचा इंद्रायणी, ज्वारी मालदांडी. बाजरी दाण्यात टिकते, पीठ मात्र आठवड्याभरात कडू होतं, म्हणून दळण थोडं-थोडं. किड्यांसाठी सेल्फॉसच्या गोळ्या घरात आणू नका. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव घेतो.

नागलीबद्दल, म्हणजे नाचणीबद्दल, मात्र मला दोन शब्द जास्त बोलायचेत. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेचं हे धान्य शहराने विनाकारण दूर ठेवलं आहे. दाणा इतका बारीक की सोंडे-टोके त्यात जागाच करू शकत नाहीत, कोरड्या जागी ती वर्षानुवर्षं राहते. खत, पंप, धरण, काही न मागता उतारावर पिकते. यंदा आमच्या साठ्यातला चौथा हिस्सा नागलीचा आहे आणि घरात आठवड्यातून दोनदा भाकरी होते. खाण्यात नसलेलं धान्य साठवून उपयोग नाही, अडचणीच्या दिवशी पोरं ताटावरून उठतील.

उन्हाळ कांदा जिन्याखाली बांबूच्या मांडणीवर, जमिनीपासून दीड फूट उंच, खालून वारा खेळता. मान पूर्ण वाळलेला कांदाच घ्यायचा. कोंब आलेला, मऊ पडलेला दर आठवड्याला वेचून काढला की दिवाळीपर्यंत साथ देतो, आणि तोवर लाल कांदा बाजारात येतो. कुरडया, सांडगे, वाळवलेली मेथी आणि गवार सासूबाईंच्या देखरेखीखाली झाली. त्यांच्या हाताखाली गल्लीतल्या तीन मुली हे सगळं शिकल्या, हे मी यंदाचं सर्वांत मोठं काम समजते.

बियाणं फक्त देशी. संकरित बियाण्याचं पुढच्या वर्षी तेच पीक येत नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी बियाण्यांची जी बँक उभी केली, त्या वाटेने जाऊन आम्ही वाल, घेवडा, दुधी आणि भेंडी अंगणात धरली. राखेत घोळून मडक्यात, तोंडाला फडकं आणि शेण-मातीचा लेप.

पैसा

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापल्या जातात, तरी ८ नोव्हेंबर २०१६ नंतर याच शहरात लोक नोटांसाठी रांगेत उभे होते. तेव्हा चलनातली किमतीने सुमारे ८६ टक्के रोकड एका रात्रीत बाद झाली होती. घरात दोन महिन्यांचा खर्च दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटांत ठेवलेला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातल्यावर पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते, म्हणून एका बँकेत विम्याच्या पाच लाखांच्या मर्यादेपेक्षा जास्त ठेव ठेवत नाही.

देवाणघेवाणीसाठी कूपनं काढावीत असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. अर्जेंटिनात २००१ नंतर लाखो लोक वस्तुविनिमयाच्या मंडळांत आले होते, आणि त्यांच्या स्वतःच्या कूपनांच्या बनावट प्रती निघाल्यावर ती मंडळं झपाट्याने कोसळली. आमच्या गल्लीत सरळ वही आहे: कुणाचं जळण, कुणाचं दळण, कुणाचं शिवण. सगळे एकमेकांना ओळखतात, तेवढ्या घरांपर्यंतच ती वही चालते.

पुढचं काम: आजेसासूबाईंच्या जात्याला टाकी लावून, म्हणजे झिजलेल्या दगडाला पुन्हा खाचा पाडून घ्यायच्या आहेत. नाशिक परिसरात हे काम अजून करणारे पाथरवट कुणाला माहीत असतील तर जरूर कळवा. थंडीतले बायोगॅसचे आकडे संक्रांतीनंतर मांडते.