आगोटीतली खळ

मे संपत आला की आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामं निघायची. लाकडं पडवीत रचायची, सुकी मासळी डब्यांत भरायची आणि बाबांच्या नियमपुस्तकात करेक्शन स्लिपा चिकटवायच्या. हे शेवटचं काम वाडीत दुसऱ्या कुणाच्या आगोटीत नव्हतं. बाबा स्टेशन मास्तर. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे सलग धावू लागली तेव्हा मी पाचवीत होते.

रेल्वेचे जनरल रूल्स १९७६ चे. त्यातला २.०२ हा नियम सांगतो, की ज्याला हे पुस्तक मिळालं त्याने आलेल्या सगळ्या दुरुस्त्या त्यात लावून ठेवायच्या आणि वरिष्ठाने मागितलं की ते दाखवायचं. म्हणजे पुस्तक कसं सांभाळायचं हे पुस्तकच बजावतं. (आईच्या मसाल्याच्या वहीत असा नियम असता तर दोन पिढ्यांची भांडणं वाचली असती.)

स्लिपेत लिहिलेलं असायचं, अमुक नियमातल्या तमुक शब्दांऐवजी हे वाचावे. शब्द-दोन शब्दांचं असेल तर बाबा पेनने खोडून वर लिहीत, शेजारी स्लिपेचा नंबर आणि तारीख. परिच्छेदच बदलला असेल तर कापून चिकटवायचा, पण खळ फक्त डाव्या कडेला. स्लिप उचलून खालचं जुनं वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हणायचे, "हात जातो तो जुन्या सवयीवर. ती सवय कुठली ते माहीत नको?"

खळ तांदळाच्या पिठाची. आई तीत चिमूटभर मोरचूद घालायची, नाहीतर कसर पुस्तकाचा फडशा पाडायची. मग खळ नारळाच्या नरोटीत काढून माझ्या हाती. एका वर्षी मी शहाणपणा केला. मोठ्या स्लिपा सोप्या म्हणून आधी घेतल्या, आणि सहाव्या नंबरच्या स्लिपेआधी नववी लावून मोकळी झाले. सहावीने घातलेल्या वाक्यातला एक शब्द नववी बदलत होती. वाक्यच अजून आलेलं नाही, तर शब्द कुठला बदलणार? बाबा ओरडले नाहीत. चुलीवर पेज होती, तिच्या वाफेवर पान धरून त्यांनी नववी अलगद सोडवली. त्या पानाला पुढे कितीतरी दिवस पेजेचा वास होता.

कॉलेजात शिकले, की एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. नकला होता होता पाठभेद शिरले होते. शेवटी त्यांची ताकीद, यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी. मला हसूच आलं. आमची तर अख्खी शुद्धी नरोटीतूनच व्हायची! शिवाय नाथांनी कुठला पाठ काढला हे उचलून बघायची सोय नाही. बाबांना ते काही रुचलं नसतं.

आता नियम मोबाइलवर येतात. नवी फाइल उघडते तेव्हा जुनी कुठे गेली कोण विचारतो? कात्री नको, मोरचूद नको. सोयीचं आहे, तक्रार नाही.

यंदा मे महिन्यात माळा झाडताना बाबांची जुनी, रद्द झालेली प्रत सापडली. स्लिपांनी फुगलेली, की दमट हवेने, कळेना. झटकली तशी एक स्लिप सुटून खाली पडली. बाबा झोपाळ्यावरून म्हणाले, "नंबर काय?"

"चौदा."

"थांब, टाकू नको. तेरावी लावलेली आहे का बघ आधी."

मी पानं चाळायला बसले.