आपोआप उगवलेली सूचना

एका शिक्षणसंस्थेची वेबसाइट आम्ही सांभाळतो. साइट ह्यूगोवर आहे, म्हणजे साध्या फाइलींतून वेबसाइट बनवणाऱ्या प्रोग्रामवर. डेटाबेस वगैरे भानगड नाही. मार्कडाउनची (साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराची) फाइल टाकली, बिल्ड झालं की एचटीएमएल पानं तयार. सूचना टाकतात ऑफिसातल्या मॅडम. त्यांची पद्धत सरळ: जुनी फाइल कॉपी करायची, शीर्षक नि तारीख बदलायची.

त्या दिवशी सकाळी अकराला त्यांनी परीक्षेचं वेळापत्रक चढवलं आणि थोड्याच वेळात फोन आला. "सर, सूचना दिसतच नाहीये, पालकांचे फोनवर फोन येतायत." बिल्ड बघितलं तर हिरवंगार. एरर नाही, वॉर्निंग नाही. त्यांच्या मशीनवर प्रिव्ह्यूत पान व्यवस्थित, साइटवर मात्र पत्ता नाही. शेवटी पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरवून वेळ मारून नेली. पाचच्या सुमारास मॅडमनी सुट्टीची सूचना टाकली आणि दोन्ही एकदम झळकल्या. "आली बघा आपोआप!" त्या खूश. मला ते 'आपोआप' काही पचेना.

फाइल उघडली. तारखेपुढे ११:००:०० अशी वेळ, पण ती भारतीय वेळ आहे हे सांगणारं +०५:३० गायब. साइटच्या सेटिंगमध्येही टाइमझोन नव्हता. अशा वेळी ह्यूगो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो, म्हणजे आपले दुपारचे साडेचार. आणि बिल्डच्या क्षणापेक्षा पुढची तारीख-वेळ असलेलं पान तो मुकाट्याने गाळतो. पाचला पुन्हा बिल्ड झालं तोवर साडेचार उलटून गेले होते, एवढंच ते 'आपोआप'. प्रिव्ह्यूच्या कमांडला पुढच्या तारखेची पानंही दाखवणारं 'बिल्डफ्यूचर' लावलेलं, म्हणून तिथे सगळं छान. आजवर निभावलं, कारण सूचनांत नुसती तारीख असायची. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. या खेपेला कॉपी झाली ती एका कार्यक्रमाची फाइल, वेळेसकट.

सेटिंगमध्ये 'एशिया/कोलकाता' टाकलं, पण मुळात कॉपी करणंच थांबवायचं होतं. आर्किटाइप्स फोल्डरमध्ये सूचनेचा साचा केला. आता 'ह्यूगो न्यू कंटेंट' ही कमांड आणि सूचनेचं नाव दिलं की फोल्डर, आतली फाइल आणि +०५:३० सकट तारीख तयार. नेहमीच्या साच्यात 'ड्राफ्ट ट्रू' (पान कच्चं आहे, साइटवर नको) असतं, ती ओळ मुद्दाम काढली. नाहीतर पुढचा फोन त्याचाच आला असता. अशा कमांडने टायपिंग वाचतं म्हणतात. ते किरकोळ, जुन्या फाइलचा कचरा नव्या फाइलीत येत नाही हे खरं.

शीर्षक तेवढं फाइलच्या नावावरून रोमन लिपीत येतं. ते मॅडम हाताने मराठी करतात, कुरकुर करत.