एका पासबुकावर दोन वाड्यांच्या सह्या

गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या गावात वरच्या वाड्यावर खाणीचा माल वाहणारे ट्रकवाले, खालच्या वाड्यावर आम्ही शेतवाले. पावसात डंपवरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावरची, लाल माती व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, आमच्या शेतात उतरायची आणि लावणी केलेलं भात चिखलाखाली जायचं. आम्ही तक्रारी केल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा वरच्या वाड्याने तो दोष आमच्यावर ठेवला. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या आणि कर्जाचे ट्रक दारात उभे राहिले. मग हळदीकुंकवालाही जाणं-येणं उरलं नाही. माझी सख्खी नणंद वरच्या वाड्यावर दिलेली. दोन वर्षं मी तिच्या उंबऱ्याशी गेले नाही.

बचत गटाची गोष्ट तिनेच काढली. "वहिनी, चवथीला माटोळीचं सामान आम्ही बाजारातून विकत आणतो, आणि तुझ्या कुळागरात तोरिंगं गळून पडतात." माटोळी म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळापानांची आरास, कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग आणि तोरिंग हे लिंबाच्या जातीचं मोठं फळ.

पाच बायका तिकडच्या, पाच इकडच्या. बैठक कोणाच्या घरी यावरच दोन आठवडे गेले. शेवटी शाळेचा व्हरांडा ठरला. आठवड्याला ५० रुपये. अध्यक्ष त्यांची, खजिनदार आमची, आणि पैसे काढायला दोघींच्याही सह्या हव्यात असा ठराव आम्ही मुद्दाम लिहिला. एकट्या वाड्याला पैशाला हात लावता येणार नव्हता, म्हणूनच घरच्या पुरुषांनी हरकत घेतली नाही.

बँकेने कागद तीनदा परत पाठवले. लग्नात बदललेलं नाव आधारवर, माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर. खजिनदार आणि अध्यक्ष यांना बसने तीनदा एकत्र डिचोलीला जावं लागलं. पहिल्या खेपेला दोघी वेगवेगळ्या सीटवर बसल्या होत्या. तिसऱ्या खेपेला एकीच्या डब्यातली भाकरी दुसरीने खाल्ली, हे मला बसमधल्या शेजारणीकडून कळलं.

खरी कसोटी चौथ्या महिन्यात. नणंदेने ट्रकच्या हप्त्यासाठी कर्ज मागितलं. आमच्यातली एक काकी ताडकन उठली. "ज्या ट्रकाने माझं शेत बुडवलं, त्याचा हप्ता माझ्या पैशातून?" कोणी काही बोलेना. काकींचं दुःख खोटं नव्हतं, तीन वर्षं त्यांच्या मळ्यात दाणा पिकला नव्हता. नणंद म्हणाली, "आधी काकींना ज्योती भाताच्या बियाण्याला द्या. माझं मागाहून बघा."

चार दिवसांनी सकाळी तिचा नवरा आणि वरच्या वाड्यावरचे तिघे पिकास, फावडी घेऊन व्हाळात उतरले. सगळा गाळ निघाला नाही, पण काकींच्या बांधाकडे येणारी वाट मोकळी झाली. माफीबिफी कोणी मागितली नाही. काकींनी चहा पाठवला. पुढच्या बैठकीत हप्त्याच्या ठरावावर त्यांनी सही केली.

सहा महिन्यांनी बँकेचा माणूस वह्या तपासायला आला, तेव्हा एकही हप्ता थकलेला नव्हता.

चवथीआधी आम्ही डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान विकायला मांडलं: सुपारीचे कातरे म्हणजे घड, नारळाची पेंड म्हणजे घोस, तोरिंगं, आंबाडे. काकी नि नणंद एकाच गोणपाटावर बसल्या. वरच्या वाड्यावरची दोन घरं अजून गटात आलेली नाहीत, पण त्यातल्या एका घरची सून संध्याकाळी आली, पेंड उचलून बघितली आणि भाव विचारला. काकींनी घरच्यांना सांगतात तो भाव सांगितला.